रेसचं मशीन

"तात्या, पोरींनी खेळलं तर चालतंय का?"

माझ्या वर्गातल्या मेघनानं पैज लावली म्हणून मी विचारलं. ती स्वतः बाहेर सायकलपाशीच थांबली. वालचंदनगरच्या त्या व्हिडिओ गेमच्या दुकानात आमच्यातली एकही मुलगी कधी गेली नव्हती. मोटारींच्या रेसचं स्टिअरिंगवालं मशीन मी मात्र सातवीपासून दारातूनच बघत होते. एकदा तरी त्या सीटवर बसायचं होतं मला.

दुकानाचे मालक सोपानतात्या मशीनला दोरी बांधत होते. ते दमून त्या सीटवरच टेकले.

"चालतंय की. पण आता काय उपयोग, पोरी? पहिल्या वर्षी रस्त्यापतुर रांग लागायची. आता पोरं घरच्या टीव्हीवर खेळत्यात. हे मशीन यायचंच बंद झालंय, पार्टबी मिळत न्हाईत. आज भंगारात चाललं."

"मग इतकी वर्षं पोरींना का न्हाय येऊ दिलं?"

"मी कवा अडवलं? चार वर्षांत एकीनंबी विचारलं न्हाय."

घरी येऊन दप्तरसुद्धा उतरवलं नाही.

"आई, आबा, या सुट्टीत मी आपला ट्रॅक्टर चालवायला शिकणार हाय. विचारत न्हाय, सांगतीय."