ताईची रांग

हात थरथरायला लागला तसं ताईचं शिवणकाम सुटलं. धाकट्या भावाच्या ग्रीनहाऊसमध्ये ती नुसती येऊन बसायची. टोमॅटोची झाडं डोक्याच्या वर गेली होती, पण फुलं फळ न धरताच गळून पडत होती.

"आत वारा नाही ना," भाऊ वैतागून म्हणाला. "एकेक घोस हाताने हलवायला हवा. माणसं कुठून आणू?"

"मी करते की."

"तू बस गं ताई. देठ मोडतील."

तो दुसऱ्या टोकाला गेल्यावर ताईने फुलांचा एक घोस दोन बोटांत अलगद धरला. हात आपसूक थरथरला आणि परागांची पिवळी धूळ उडाली. मग रोज सकाळी ती गुपचूप तेवढी एक रांग करू लागली.

तीन आठवड्यांनी तीच एक रांग हिरव्या टोमॅटोंनी लगडली. कारण कळल्यावर भाऊ ताईजवळ येऊन बसला.

"ताई, आजपासून सगळ्या रांगा तुझ्या," तो म्हणाला. "पण हाताची गोळी घेतलीस ना?"

"फुलं झाली की घेते," ताई ऐटीत उठली. "आधी घेतली तर हात थांबतो."