ढवळीचं शेवटचं प्रकरण

काकूंनी चष्मा पुसला, पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. दोन वाक्यं होतात न होतात तोच वाचनालयाच्या सभागृहात चुळबुळ सुरू झाली. शोकसभेचे अध्यक्ष, म्हणजे दातांचे डॉक्टर, टेबलावरून वाकून हळूच म्हणाले, “काकू, हे कुठलं काढलंत?”

“कुठलं म्हणजे? ‘ढवळी’चा शेवट. तुम्हीच म्हणालात ना, शेवट वाचून दाखवा म्हणून?”

“पण ढवळी तर नदीपाशी संपते!”

“संपतेच मुळी,” पहिल्या रांगेतून शिंपीणबाई म्हणाल्या. “मालक तिला पलीकडे सोडून येतो, ती पाण्यात पाय घालून इकडे बघत उभी राहते. संपलं. मी तेव्हा रडता रडता गिऱ्हाइकाची चांगली साडी इस्त्रीखाली जाळली होती!”

लेखक जाऊन पंधरवडा होत आला होता. सभा त्यांची, पण मघापासून जो उठत होता तो त्यांच्या कादंबरीतल्या ढवळीबद्दल, वीटभट्टीवरच्या त्या गाढवीबद्दलच बोलत होता. एका गृहस्थांनी तर ती कादंबरी वाचल्यापासून मुलाला ‘गाढवा’ म्हणायचं सोडलं होतं. काकूंना त्याचं काही वाटलं नव्हतं. नवऱ्यापेक्षा गाढवी लोकांना जवळची, तर असो बापडी. त्या आपल्या पाळीची वाट बघत बसल्या होत्या, कारण शेवटचं प्रकरण म्हणजे त्यांचं स्वतःचं होतं.

लेखकांनी आधी कादंबरी नदीपाशीच संपवली होती, हे खरं. हस्तलिखित वाचून काकूंनी ते टेबलावर आपटलं होतं. “पुस्तकभर राबवलंत तिला, आणि म्हातारी झाली म्हणून उघड्यावर टाकून मोकळे? ती घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलायची नाही!” आणि खरंच बोलल्या नाहीत. लेखकांनी धुसफूस केली, दोनदा घर सोडायची भाषा केली, आणि शेवटी लिहिलं. ढवळी नदी पार करून पहाटे दाराशी येते, आणि मालकाची बायको नुसतं म्हणते, “आलीस?” एवढ्या पुस्तकांत काकूंचा शब्द चालला तो एवढाच.

“हे घ्या, छापलंय! बघा डोळे उघडून!” त्यांनी पुस्तक डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं.

डॉक्टरांनी पान उलटून पाहिलं. “छापलंय खरं. पण काकू, रागावू नका, हे जरा गोडमिट्ट नाही वाटत? सरांच्या हातचं वाटत नाही हो.”

“मग कुणाच्या हातचं? माझ्या?”

“तुमची आवृत्ती वेगळी असेल,” मागून कुणीतरी तडजोड काढली.

“आवृत्ती एकच निघाली! मी घरात होते की तुम्ही?”

दुकानात ते पुस्तक मिळेनासं होऊन जमाना झाला होता. अख्खं गाव वाचनालयाच्या एकाच प्रतीवर पोसलं होतं. ग्रंथपाल मुलगी जाऊन ती प्रत घेऊन आली. जाड पुठ्ठ्याची बांधणी, आत मऊ पडलेली पानं, आणि शेवटी नदी. पुढे कोरा कागद. ते बघून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काकूंच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

“पानं निखळली होती, काकू,” ग्रंथपाल खाली बघत म्हणाली. “कुणाकडे राहिली, सापडलीच नाहीत. बांधणीवाल्यानं होती तेवढी शिवून दिली.”

“अगं, मग विचारायचं नाही का? घरी प्रत होती की! हातानं उतरवून दिलं असतं मी.”

“विचारलं होतं.” मुलगी अडखळली. “सरांनाच विचारलं. त्यांनी शेवट उघडून बघितला, हसले, आणि म्हणाले, राहू दे. असंच बरं आहे.”

काकूंनी हातातलं पुस्तक मिटलं. घरी वाचक यायचे, बाहेरच्या खोलीत म्हणायचे, “सर, काय शेवट केलात!” आणि त्या आत चहा गाळता गाळता फुलून जायच्या. त्यांना वाटायचं, आपल्याच प्रकरणाचं कौतुक चाललंय. लबाड माणूस! इतकी वर्षं समोर बसून तोच चहा प्यायला आणि एका शब्दानं बोलला नाही.

“आपण दोन मिनिटं शांत उभं राहू या,” डॉक्टरांनी प्रसंग आवरता घेतला. सगळे उभे राहिले. काकूही राहिल्या, पण त्यांच्या मनात शांत असं काहीही नव्हतं.

जाताना शिंपीणबाईंनी त्यांचा हात धरला. “मनावर घेऊ नका हं, काकू. पण आम्हाला आपली ती नदीपाशीच बरी वाटते.” काकूंनी हात सोडवून घेतला.

सभागृह रिकामं झालं. ग्रंथपाल खुर्च्या उचलायला लागली, तशी काकू म्हणाल्या, “एक राहू दे.” ती खुर्ची त्यांनी ओढत टेबलापर्यंत नेली, लेखकांच्या फोटोच्या अगदी समोर ठेवली आणि वर बसून पुस्तक उघडलं.

“ऐका,” त्या फोटोला म्हणाल्या. “आता उठून जायची सोय नाही तुम्हाला.”

आणि त्यांनी आपलं प्रकरण पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला घेतलं.