साफ केलेला फोटो

“ही कोन हाय?” सोनाजीबाबांनी विचारलं.

विश्वजीतला वाटलं, म्हाताऱ्याची नजर अधू झाली. त्यानं काउंटरवरची फ्रेम उजेडाकडं वळवली. “बाबा, तुमच्या बानाबाई. नातीच्या हळदीत मीच काढलेला फोटो.”

बाबा फुलंब्रीहून सकाळच्या एसटीनं मुकुंदवाडीतल्या विश्वजीतच्या फोटो स्टुडिओत आले होते. बानाबाईंचा दहावा परवावर आला होता. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेली बाई, पण कॅमेऱ्याला अशी भ्यायची की तो दिसला रे दिसला, पदर तोंडावर. आधार कार्डावरचा फोटो म्हणाल तर नुसता काळा डाग. हळदीच्या दिवशी मात्र लाईट गेली, आणि चुलीपाशी ती बेसावध हसली. विश्वजीतनं कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, म्हणजे आयएसओ, पार वर चढवला आणि बटण दाबलं. अंधारात फोटो असाच मिळतो. फक्त रांगोळी भुरभुरल्यासारखे बारीक दाणे त्यावर उमटतात.

हे दाणे विश्वजीतला खपायचे नाहीत. ‘आपलं काम एकदम साफ,’ असं तो येईल त्याला ऐकवायचा. त्यानं कॉम्प्युटरवर एकूण एक दाणा पुसला, चेहरा लोण्यासारखा केला. डिस्कवर जागा पुरेना म्हणून मूळ फोटो उडवून टाकले. दाण्यादाण्यांचे फोटो ठेवून करायचंय काय! पण अति तिथं माती, दुसरं काय?

“हिच्या हनवटीवरलं गोंदण कुठं गेलं?” बाबांनी काचेवर बोट ठेवलं. “सोनंनाणं समदं हितंच ऱ्हातं, मेल्यावर गोंदण तेवढं संगं येतं, म्हनायची. तिनं नेलं ते नेलं. फोटूतलं बी नेलं व्हय?”

विश्वजीतनं फ्रेम डोळ्यांजवळ धरली. हनुवटीवरचे हिरवे ठिपके. ठिपका कुठला आणि दाणा कुठला, हे कॉम्प्युटरला काय कळणार? त्याला स्वतःला तरी कुठं कळलं होतं? त्यानं डिस्क पालथी घातली. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड तपासलं, तर त्यावर नंतरच्या चार लग्नांचे फोटो चढलेले. कुठंच काही नव्हतं. त्याला म्हाताऱ्याकडं बघायची लाज वाटू लागली.

मग त्याला सुचलं, ठिपके पुन्हा काढता येतील की! त्यानं चेहरा स्क्रीनवर मोठा केला, हिरवा रंग घेतला.

“बाबा, तुम्ही फक्त दाखवा. किती ठिपके होते? कुठं कुठं?”

बाबा लगबगीनं पुढं सरकले. त्यांनी एक ठिपका दाखवला. त्याच्या खाली दुसरा. मग बोट तिथंच थांबलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. विश्वजीत माऊस धरून वाट बघत राहिला.

“पोरगं म्हनतं तीन, लेक म्हनती पाच,” बाबा हळूच म्हणाले. “पन्नास वर्सं तोंडासमोर व्हती, दादा, मी कधी मोजलंच नाय. म्हनून तर फोटू बघाया आलो.”