उजवीकडची पाठ

"ईद होऊन गेली तरी आईला तोंड दाखवत नाहीस. असा लेक वैऱ्याला नको," मेहेरबिबीनं ताट पुढे सरकवलं.

पाठ हलली नाही. पुस्तकं दाबायच्या शिकंज्याशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, लतिफच्या निळ्या सदऱ्यातली पाठ पुस्तकांवर वाकलेली होती. तोंडात शिवणीचा दोरा. दोरा दातांत धरला की पुस्तकं बांधणारा बोलत नाही, हे कोलकात्याच्या त्या गल्लीत पोरासोरांनाही ठाऊक.

शेजारची खोदेजा सांगून गेली होती, सून रोकेया नवऱ्याशी भांडून मुर्शिदाबादला माहेरी गेली, लतिफ रुसलाय. मेहेरबिबीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला दिसायचा तो निळा रंग आणि ऐकू यायची हातोडी.

"गेली तर गेली. डाळ शिजवता यायची नाही तिला. बाप उर्दू पुस्तकं बांधायचा म्हणून केवढा तोरा."

हातोडी थांबली. मग पुन्हा हलकेच, टक टक.

"लागलं वाटतं. बरं, नाही बोलत. पण तू जाऊ नकोस हं कुठे. भिंतींशी बोलून बोलून जीभ गंजेल माझी."

वेळ घालवायला तिनं तयार थप्पीतलं एक पुस्तक मांडीवर घेतलं. शाळेचं बंगाली वाचनपुस्तक. तिला अक्षर येत नव्हतं, पण याच पुस्तकाच्या छापील कागदांचे फर्मे सकाळी तिनंच दुमडले होते. पुठ्ठ्यावरचा हिरवा पोपट डोळ्यांजवळ नेला, डोकं वर येईल असा धरला. बोटं पुस्तकाच्या शिवलेल्या पाठीवर गेली.

पाठ उजव्या हाताला होती.

बंगाली पुस्तकाची पाठ डावीकडे. उजवीकडे असते ती उर्दूची.

तिनं पुस्तक थप्पीवर ठेवलं. मग गुडघ्यांवर हात देत उठली, कोपऱ्यात गेली आणि निळ्या सदऱ्यावर हात ठेवला. लतिफचा कणा जन्मापासून एका अंगाला झुकलेला. वर्षानुवर्षं तिनंच तेल चोळलं होतं.

हात मानेपासून कमरेपर्यंत उतरला. कणा सरळ होता.

"पोपट मागच्या पुठ्ठ्यावर बसलाय," ती म्हणाली. "उद्या सगळी थप्पी उसवायची. डाळ येत नाही म्हणजे नाहीच, ते मी मागे घेत नाही. पण पळून गेला तो माझा लेक. तू कशाला तोंड लपवतेस, रोकेया?"