नोटा नसलेला व्यापार

मोरेश्वर लहान असताना व्यापाराच्या खेळात बँक त्याच्या आईकडे, रंभाकडे असायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण नोटा रंगावरून ओळखायची. पोराने हिरवी नोट मांडीखाली सरकवली की मनगटच धरायची. आता नातीच्या व्यापाराच्या नव्या डब्यात नोटाच नव्हत्या. एक कार्ड होतं आणि मुठीएवढं मशीन. नातीने कार्ड लावलं, टुंग वाजलं. “कटले तुये पैसे, आजी!” “टुंग वाजलं, पन पैसे आलेच नाई, असं होते का?” रंभाने विचारलं. “नाई वं. टुंग वाजलं म्हणजे पैसे निघालेच.” दर महिन्याला मोरेश्वर आपल्या सेवा केंद्रात आईचा अंगठा मशीनवर दाबायचा. टुंग वाजायचं, मग म्हणायचा, “निराधारचे पैसे याही महिन्यात आले नाई, आई.” आतून मोरेश्वर ओरडला, “बंद कर वं तो खेळ!” “चालू दे,” रंभा म्हणाली. “आत्ताच त मले समजून राह्यला.”