हात गुडघ्यावर

"फ्लॅश नाही मारला?" कुंदनने विचारलं.

"नाही. फ्लॅशने चेहरा पांढरा पडतो आणि मागे सगळा काळोख. त्यापेक्षा माणसाला खिडकीशेजारी बसवायचं."

उधन्यातल्या आपल्या छोट्या स्टुडिओत कुंदनने नूतनच्या कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं होतं. पडद्यावर तिचे वडील, बन्सीलाल, एकामागून एक येत होते. सत्तेचाळीस फोटो. रविवारी त्यांचं वर्षश्राद्ध होतं. त्याआधी एक फोटो मोठा करून बमरोलीच्या घरी भिंतीवर लावायचा होता. कोणता, ते नूतनच्या आईने, धुरपदाबाईंनी, ठरवायचं होतं. त्या शेजारच्या स्टुलावर पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

"काय बेन, ह्या खेळण्यातल्या कॅमेऱ्याने काढले तुम्ही?" कुंदन म्हणाला. "माझा केवढा महागाचा आहे, तरी माझं गिऱ्हाईक नेमके डोळे मिटतं. सांगा तरी, काय करता?"

नूतन शाळेत विज्ञान शिकवत असे. तिने वर्गात सांगावं तसं सांगितलं. कॅमेरा हातात धरायचा नाही, लोणच्याच्या बरणीवर ठेवायचा. दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बटण दाबताना बसणारा हिसका फोटोत येत नाही. घरात उजेड कमी असतो, त्यामुळे असा साधा कॅमेरा जास्त वेळ उजेड गोळा करत बसतो. तेवढ्यात जे हलेल ते पुसट येतं.

"आणि माणूसच हलला तर?"

"त्याला सांगायचं, हात गुडघ्यावर ठेवा." ती जराशी हसली. "आबा तर नंतर नंतर कॅमेरा दिसला की आपणच ठेवायचे."

"मग माझी गिऱ्हाइकं पाठवतो तुमच्या शाळेत."

शेवटचा फोटो येऊन थांबला. खिडकीचा उजेड डाव्या गालावर, कपाळावरची प्रत्येक सुरकुती मोजता येईल इतकी स्पष्ट. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"सरनात का?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"हो माय, संपले. यातला कोणता आवडला?"

"हात वर करेल एकबी फोटु नही?"

"कसला हात?"

धुरपदाबाईंनी उजवा हात वर केला, डावा त्याच्याजवळ नेला. चिमटीला चिमटी लावली आणि झटक्याने दोन्ही हात बाजूला ओढले.

धागा तुटला, अशी खूण.

कापडाच्या कारखान्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात, शेजारच्याची हाकही ऐकू येत नसे. बन्सीलाल तिथे चाळीस वर्षं हातांनीच बोलले, आणि मग घरीही. वीज गेली, भाजीत मीठ कमी पडलं, नूतन रुसून बसली, सगळ्याला ही एकच खूण. पुढे कान गेले, तेव्हा तर ते हात क्षणभर थांबत नसत.

"ह्या समदा फोटुस्मा तुना आबा गप बशेल शेतस," धुरपदाबाई म्हणाल्या. डाळ शिजली नाही असं सांगावं, तशा.

"फोटोत तर सगळेच गप असतात, मावशी," कुंदन म्हणाला. कोणी हसलं नाही. त्याने माउस पुढे-मागे केला. मग हळू आवाजात नूतनला म्हणाला, "बेन, उडवलेले असतील तर परत मिळतात कधी कधी. माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे. बघू?"

"नाही मिळणार," नूतन म्हणाली. "कार्ड लहान आहे. मी त्याच जागी पुढचे काढत गेले. नंतर शाळेच्या प्रदर्शनाचेही काढले. कितीतरी वेळा भरलं ते."

ते उडवलेले फोटो तिला आठवत होते. चेहरा स्वच्छ, मागची भिंत स्वच्छ, आणि छातीपुढे फिकट धुरासारखा एक पट्टा. प्रत्येक वेळी ती कॅमेरा त्यांच्यासमोर धरून बोटभर पडद्यावर तो पट्टा दाखवायची. पुन्हा हललात, आबा. ते वाकून बघायचे, मान हलवायचे. ती त्यांच्यासमोरच कचरापेटीचं चित्र असलेलं बटण दाबायची. ठेवलेले सत्तेचाळीस होते. उडवलेले तिने मोजले नव्हते.

"मग कोणता करू?" कुंदनने विचारलं.

धुरपदाबाईंनी पदराने चष्मा पुसला. "कोनताबी लाव."

कुंदनने शेवटचाच कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. कार्ड काढून नूतनला परत दिलं आणि कागद आणायला आत गेला. तिने ते कॅमेऱ्यात बसवलं.

पडद्यावर बन्सीलाल हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. धुरपदाबाई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हाताचा पेला करून ओठांजवळ नेला आणि भुवया उंचावल्या. चहा घेणार का, असं विचारायची कारखान्यातली खूण. उत्तराची वाट पाहावी तशा थांबल्या. पुन्हा विचारलं. या वेळी हातवारा मोठा, घाईचा, थोडा रागावलेला.

नूतनने कॅमेरा उचलला. बरणी नव्हती, टायमर नव्हता, उजेड एका ट्यूबलाइटचा. तिने बटण दाबून तो सुरू केला. भिंग बारीक घरघर करत पुढे आलं.

धुरपदाबाईंनी वळून पाहिलं.

त्यांनी पदर सारखा केला. पाठ ताठ केली. आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, श्वास रोखून, त्या बसल्या.