परातीला लागलेला पाय

नांदेडहून आलेल्या वकील बुद्धप्रियाच्या पत्राला शंकरप्पांनी उत्तर दिलंच नव्हतं. अपघातात जखमी झालेल्यांचेच दावे लढवायचे म्हणून तिनं तिथं ऑफिस थाटलं होतं. 'अप्पा, उलटतपासणीत तुम्ही आमच्या माणसांना लई घाम फोडलात. आता आमच्या बाजूला या,' असं तिनं लिहिलं होतं. विमा कंपनीची वकिली करण्यात उभं आयुष्य गेलं. आता या वयात दुसऱ्याच्या ऑफिसात जाऊन बसायचं? जमेल का आपल्याला? पत्र कायद्याच्या एका जाड पुस्तकात जाऊन पडलं.

आज लातूरच्या कोर्टाबाहेर, लिंबाखालच्या बाकावर ते कंपनीची फाईल मांडीवर घेऊन बसले होते. कंपनीचा माणूस वैजनाथ मोबाईल नाचवतच आला.

"अप्पा, बघा तर! टेम्पोखाली हात गेला म्हणून दावा लावलाय, अन् बाई भाकऱ्या थापायलीय!"

रेणापूरची सिंधू. उजवा हात कोपरापासून नाही. कुणीतरी दाराआडून चोरून व्हिडिओ काढला होता. ती डाव्या हातानं पीठ थापत होती. परात फिरू नये म्हणून तिची कड पायाच्या अंगठ्यानं दाबून धरली होती. भाकरी तव्यावर पडली की ती परातीला हात लावी, अन् तोच हात कपाळाला. दुसरी भाकरी. पुन्हा पाय. पुन्हा कपाळ.

"हा पाय?" शंकरप्पांनी विचारलं.

"तेवढा खालचा भाग कापून घेतो की. आपल्याला हातच दाखवायचाय."

"तुझ्या घरी परातीला पाय लावलेला चालतो का रे, वैजनाथ?"

"भलतंच! माय डोस्कं फोडील."

"मग हिनं का लावला असेल?"

वैजनाथ हसला. "अप्पा, तुम्ही कंपनीचे वकील. तिचे न्हाई."

शंकरप्पांना आवाज चढवायची सवय नव्हती. आज तो आपोआप चढला. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली.

"अन्नाला पाय लागतो म्हणून ती दर भाकरीला माफी मागती, अन् तू तो पायच कापतोस? लाज हाय का? घ्या तुमची केस. वकीलपत्र परत घेतो मी."

"घ्या की. पण ह्या केसमध्ये तिच्या बाजूनं उभं राहता येणार न्हाई तुम्हाला. कायदा हाय."

"वकील म्हणून न्हाई. पण व्हिडिओ कापून दाखवलास, तर साक्षीदार म्हणून राहीन."

वैजनाथचं हसू गेलं.

शंकरप्पा उठले तशी फाईल मांडीवरून घसरली आणि त्यांच्या चपलेखाली आली. कागदाला पाय लागला की वाकून नमस्कार करायचा, ही लहानपणापासूनची सवय. हात खाली गेलाही होता. तो त्यांनी मागे घेतला.

जवळच्या पोस्टात जाऊन त्यांनी उभ्या उभ्याच कार्डावर लिहिलं, 'बुद्धप्रिया, सोमवारी येतोय. उशीर झाला. आल्यावर रागव.' आणि कार्ड लाल पेटीत टाकलं.